हंगामाच्या मध्यावरील प्रशिक्षक-बदल : अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलचा एक ऐतिहासिक व चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

दि. १३ जानेवारी २०२० रोजी न्यू ऑर्लिन्स येथे अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलचा राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला. लुइझियाना राज्य विद्यापीठाच्या संघाने क्लेमसन विद्यापीठाच्या संघाचा ४२-२५ असा पराभव केला. दोन्ही संघांच्या मुख्य प्रशिक्षकांच्या पूर्वेतिहासात एक विलक्षण साम्य होते. विजेत्या संघाचे एड ऑर्जरॉन यांना २०१६ मध्ये आणि पराभूत संघाचे डॅबो स्विनी यांना २००८ मध्ये हे पद मिळाले, ते हंगाम ऐन भरात असताना आधीच्या प्रशिक्षकाला पायउतार व्हावे लागले म्हणून. दोघेही तेव्हा साहाय्यक प्रशिक्षक होते आणि दोघांचीही नेमणूक प्रारंभी तात्पुरतीच होती.

ज्या विद्यापीठांचे संघ पराभवाच्या गर्तेत सापडतात, त्यांच्या चाहत्यांना व देणगीदारांना ही दोन नावे तोंडपाठ असतात. हंगाम संपण्याची वाट कशाला पाहायची, आजच बदल करा, उद्या संघ सावरेल, असा युक्तिवाद या उदाहरणांच्या आधारे केला जातो. हा युक्तिवाद इतिहासाच्या कसोटीवर कितपत उतरतो, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

येथे 'फुटबॉल' हा शब्द अमेरिकन फुटबॉल या अर्थाने वापरला आहे. भारतात ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात त्याहून हा खेळ सर्वस्वी भिन्न आहे. अंडाकृती चेंडू, प्रत्येकी अकरा खेळाडू, आणि प्रत्येक चालीपूर्वी बाकावरून ठरविली जाणारी व्यूहरचना ही त्याची वैशिष्ट्ये होत. खेळाच्या या स्वरूपामुळेच त्यात प्रशिक्षकाचे स्थान सेनापतीसारखे मानले जाते. मुख्य स्तरावरील विद्यापीठसंघ नियमित हंगामात साधारणपणे बारा सामने खेळतो आणि त्यांपैकी सहा जिंकल्यास तो हंगामोत्तर 'बोल' सामन्यास पात्र ठरतो. सामने इतके थोडे असल्यामुळे सलग तीन पराभव म्हणजे हंगामाचा चतुर्थांश भाग वाया गेल्यासारखे असते.

मराठीत 'हंगामी' हे विशेषण तात्पुरत्या पदाधिकाऱ्यासाठी वापरले जाते. उर्वरित हंगामापुरत्या नेमलेल्या प्रशिक्षकास तो शब्द दोन्ही अर्थांनी लागू पडतो. म्हणून पुढील विवेचनात 'हंगामी प्रशिक्षक' हीच संज्ञा योजली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये प्रशिक्षकपदाचे स्वरूप कसे बदलत गेले याचा आढावा घेणे.
२) हंगामाच्या मध्यावर झालेल्या निवडक बडतर्फींपूर्वीच्या व नंतरच्या कामगिरीची तुलना करणे.
३) कामगिरीत दिसणाऱ्या सुधारणेचे श्रेय बडतर्फीस देता येते काय, याची चिकित्सा करणे.
४) असे निर्णय मैदानाबाहेरील कोणत्या कारणांनी घेतले जातात याचा शोध घेणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी २००८ ते २०२५ या कालखंडातील पंधरा प्रकरणे निवडली आहेत. त्यांत बडतर्फीबरोबरच सक्तीचा किंवा संमतीने झालेला पदत्यागही समाविष्ट आहे. ही प्रकरणे यादृच्छिक नमुना म्हणून निवडलेली नाहीत. ती बहुचर्चित आहेत आणि त्यांचे निकाल सार्वजनिकरीत्या नोंदलेले आहेत. त्यामुळे त्यांवरून काढलेल्या आकड्यांना संख्याशास्त्रीय पुराव्याचे नव्हे, तर दिशादर्शनाचे मूल्य आहे. या ऐतिहासिक तुलनेस समाजशास्त्र व अर्थशास्त्रातील पूर्वसंशोधनाची जोड दिली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना दि. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स व प्रिन्स्टन या संस्थांत झाला व रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. त्या काळी संघाची सूत्रे विद्यार्थी कर्णधाराच्या हाती असत. वेतनधारी प्रशिक्षकाची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली. तिचे एक ठळक उदाहरण म्हणजे शिकागो विद्यापीठातील एमॉस अलोंझो स्टॅग. ते १८९२ पासून १९३२ पर्यंत एकेचाळीस हंगाम त्याच पदावर होते आणि त्यांना अध्यापकवर्गात स्थान होते. एखाद्या वाईट हंगामामुळे त्यांना घरी पाठविण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नसे, कारण ते शिक्षणसंस्थेचे घटक होते.

१९२० च्या दशकात विद्यापीठांनी प्रचंड प्रेक्षागारे उभारली आणि खेळाचे अर्थकारण बदलले. कार्नेगी प्रतिष्ठानच्या १९२९ च्या अहवालाने या व्यापारीकरणावर कठोर टीका केली व खेळ पुन्हा विद्यार्थ्यांच्या हाती सोपवावा असा आग्रह धरला. परंतु काळाचा ओघ उलट दिशेने वाहत होता. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दूरचित्रवाणी प्रक्षेपणावरील राष्ट्रीय क्रीडा संघटनेचे नियंत्रण बेकायदा ठरविले. त्यानंतर प्रक्षेपणहक्कांचा पैसा थेट विद्यापीठे व त्यांच्या परिषदांकडे वाहू लागला. पैशाबरोबर अपेक्षा वाढल्या, अपेक्षांबरोबर प्रशिक्षकांची मानधने वाढली, आणि त्याच प्रमाणात सहनशीलता घटली. स्टॅग यांच्या काळातील अध्यापक-प्रशिक्षकाची जागा कोट्यवधी डॉलरच्या करारावरील व्यावसायिकाने घेतली.

एका विद्यापीठाचे तीन प्रयोग :

या विषयाच्या अभ्यासकास दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा इतिहास विशेष उपयुक्त ठरतो. आठ वर्षांच्या अवधीत तेथे तीन वेळा हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक बदलण्यात आला. संस्था तीच, परंपरा तीच, साधनसंपत्तीही जवळपास तीच. निष्पत्ती मात्र तीन प्रकारची.

पहिली घटना २०१३ ची. अॅरिझोना राज्य विद्यापीठाकडून ६२-४१ असा पराभव झाल्यानंतर दि. २९ सप्टेंबरच्या पहाटे, संघ परतल्यावर विमानतळावरच, प्रशिक्षक लेन किफिन यांना पदमुक्त करण्यात आले. तेव्हा संघाने तीन सामने जिंकले व दोन गमावले होते. साहाय्यक असलेले ऑर्जरॉन यांनी सूत्रे हाती घेतली. किफिन यांच्या कारकिर्दीतील कडक आहारनियम शिथिल झाले आणि खेळाडूंच्या ताटात गोडधोड परतले. ही बाब क्षुल्लक वाटली तरी संघाचे वातावरण मोकळे झाल्याची ती खूण मानली गेली. पुढील आठ सामन्यांपैकी सहा जिंकले गेले. त्यांत बलाढ्य स्टॅनफर्डवरील २०-१७ हा विजयही होता. तरीही विद्यापीठाने कायम पदासाठी बाहेरून स्टीव्ह सार्किसियन यांची निवड केली. ऑर्जरॉन यांनी राजीनामा दिला आणि अखेरच्या 'बोल' सामन्यासाठी आणखी एका साहाय्यकास, क्ले हेल्टन यांना, उभे राहावे लागले.

दुसरी घटना २०१५ ची. सार्किसियन यांना ऑक्टोबरमध्ये पदावरून दूर करण्यात आले. कारणे प्रामुख्याने मैदानाबाहेरील होती. तेव्हाही संघाची स्थिती तीन विजय व दोन पराभव अशीच होती. हेल्टन यांच्या नेतृत्वाखाली नियमित हंगामातील उरलेल्या सातपैकी पाच सामने जिंकले गेले आणि ३० नोव्हेंबरला त्यांना पदावर कायम करण्यात आले. त्यानंतरचे दोन्ही सामने संघाने गमावले. पुढील दोन हंगामांत मात्र हेल्टन यांच्या संघाने रोज बोल सामना व परिषदेचे अजिंक्यपद मिळविले.

तिसरी घटना २०२१ ची. या वेळी बडतर्फ झाले ते स्वतः हेल्टन. हंगामाचे केवळ दोन सामने झाले होते. एकात विजय, दुसऱ्यात स्टॅनफर्डकडून ४२-२८ असा पराभव. हंगामी प्रशिक्षक डॉन्टे विल्यम्स यांच्या पहिल्याच सामन्यात संघाने वॉशिंग्टन राज्य विद्यापीठास ४५-१४ असे नमविले आणि बदलाचा गुण आल्याची चर्चा सुरू झाली. ती अल्पजीवी ठरली. विल्यम्स यांच्या दहा सामन्यांत तीन विजय व सात पराभव झाले आणि हंगाम ४-८ असा संपला.

पहिल्या प्रसंगी ६-२, दुसऱ्या प्रसंगी ५-४, तिसऱ्या प्रसंगी ३-७. यांपैकी फक्त पहिला प्रसंग सांगितला तर बडतर्फी हे औषध ठरते. फक्त तिसरा सांगितला तर विष. इतिहासातील एकेकटे उदाहरण किती फसवे असते, याचा याहून बोलका दाखला क्वचितच सापडेल.

पंधरा प्रकरणांची तुलना :

आता व्यापक चित्र पाहू. प्रत्येक विद्यापीठापुढे बदलापूर्वीची व हंगामी प्रशिक्षकाच्या काळातील जय-पराजयांची संख्या दिली आहे.

क्लेमसन (२००८) : ३-३, नंतर ४-३
दक्षिण कॅलिफोर्निया (२०१३) : ३-२, नंतर ६-२
दक्षिण कॅलिफोर्निया (२०१५) : ३-२, नंतर ५-४
मायामी (२०१५) : ४-३, नंतर ४-२
लुइझियाना राज्य (२०१६) : २-२, नंतर ६-२
दक्षिण कॅलिफोर्निया (२०२१) : १-१, नंतर ३-७
नेब्रास्का (२०२२) : १-२, नंतर ३-६
अॅरिझोना राज्य (२०२२) : १-२, नंतर २-७
जॉर्जिया टेक (२०२२) : १-३, नंतर ४-४
विस्कॉन्सिन (२०२२) : २-३, नंतर ४-३
कोलोरॅडो (२०२२) : ०-५, नंतर १-६
ऑबर्न (२०२२) : ३-५, नंतर २-२
यूसीएलए (२०२५) : ०-३, नंतर ३-६
पेन राज्य (२०२५) : ३-३, नंतर ४-३
फ्लोरिडा (२०२५) : ३-४, नंतर १-४

बेरीज केली असता बदलापूर्वी ७३ सामन्यांत ३० विजय, म्हणजे सुमारे ४१ टक्के. बदलानंतर ११३ सामन्यांत ५२ विजय, म्हणजे ४६ टक्के, असे दिसते. वरवर पाहता ही सुधारणा आहे. परंतु ऑर्जरॉन यांची दोन प्रकरणे वगळली, तर हेच प्रमाण अनुक्रमे ३९ व ४१ टक्के होते आणि फरक जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे बदलाचे जे यश लोकस्मृतीत ठसले आहे, त्याचा मोठा वाटा एका व्यक्तीच्या दोन कारकिर्दींतून आलेला आहे.

नव्या प्रशिक्षकाच्या पहिल्या सामन्यात संघ पेटून उठतो, हा समजही तपासण्याजोगा आहे. वरील पंधरापैकी सात संघांनी पहिला सामना जिंकला व आठ संघांनी गमावला. कोलोरॅडोने पहिला सामना अतिरिक्त वेळेत जिंकला आणि त्यानंतरचे सहाही गमावले. यूसीएलएने पहिला गमावला, पुढील तीन जिंकले व उरलेले पाचही गमावले. ठिणगी पडते हे खरे. ती कधी पडेल आणि किती काळ टिकेल याचा नियम मात्र दिसत नाही.

श्रेयनिर्णयाची समस्या :

४१ वरून ४६ टक्क्यांवर झालेली वाढ बडतर्फीमुळेच झाली, असे म्हणता येईल काय? येथे तीन अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण काकतालीय न्यायाची. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तसे प्रशिक्षकाचे जाणे व संघाचे सावरणे एकाच वेळी घडू शकते. बडतर्फी होते ती कामगिरी अगदी तळाला गेलेली असताना. तळाला गेलेली गोष्ट काहीही न करता थोडी वर येण्याचीच शक्यता अधिक असते. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आनुवंशिकतेच्या संदर्भात मांडलेले सरासरीकडे परतण्याचे तत्त्व ते हेच.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. हंगामाच्या प्रारंभी बहुधा तुलनेने दुबळे प्रतिस्पर्धी असतात व परिषदेतील कठीण सामने नंतर येतात. या दृष्टीने हंगामी प्रशिक्षकाच्या वाट्याला अवघड काम येते व त्याचे यश आकड्यांत कमी दिसते. पहिली अडचण बडतर्फीच्या बाजूने पारडे झुकविते, तर ही दुसरी तिच्या विरुद्ध. दोहोंचे वजन वेगळे केल्याखेरीज केवळ टक्केवारीवरून निर्णय देणे योग्य होणार नाही.

तिसरी अडचण योगायोगाच्या इतर घटकांची. पेन राज्य विद्यापीठाचे २०२५ चे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. देशात दुसऱ्या क्रमांकावर गणला जाऊन हंगामास प्रारंभ करणारा हा संघ ओरेगन, यूसीएलए व नॉर्थवेस्टर्न यांच्याकडून लागोपाठ हरला आणि दि. १२ ऑक्टोबर रोजी जेम्स फ्रँकलिन यांना पदमुक्त करण्यात आले. बारा हंगामांत १०४ विजय त्यांच्या नावावर होते. नॉर्थवेस्टर्नविरुद्धच्या त्याच सामन्यात संघाचा प्रमुख क्वार्टरबॅक जखमी होऊन उर्वरित हंगामास मुकला. हंगामी प्रशिक्षक टेरी स्मिथ यांचे पहिले तीन सामने पराभवाचे ठरले, आणि त्यांतील दोन त्या वेळी देशात पहिल्या व दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या संघांविरुद्ध होते. पुढचे तिन्ही सामने जिंकले गेले, त्यानंतर 'बोल' सामनाही. या चढउतारात प्रशिक्षकाचा वाटा किती, दुखापतीचा किती व प्रतिस्पर्ध्यांच्या बळाचा किती, हे वेगळे कसे काढणार?

तुलनेसाठी ज्यांनी प्रशिक्षक बदलला नाही अशा संघांकडेही पाहणे आवश्यक ठरते. फ्लोरिडा विद्यापीठाने ही तुलना जणू स्वतःच मांडून दाखविली. २०२४ मध्ये बिली नेपियर यांच्या हकालपट्टीची मागणी शिगेला पोहोचली असता ७ नोव्हेंबरला क्रीडा संचालकांनी त्यांना कायम ठेवण्याचे जाहीर केले. लगेचचा सामना संघाने टेक्सासविरुद्ध ४९-१७ असा गमावला. पण त्यानंतर सलग चार सामने जिंकून हंगाम ८-५ असा संपविला. त्या नोव्हेंबरमध्ये नेपियर गेले असते, तर हे चार विजय कोणा हंगामी प्रशिक्षकाच्या खात्यात जमा झाले असते आणि बडतर्फीच्या यशस्वी उदाहरणांत आणखी एकाची भर पडली असती. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, ३-४ अशा स्थितीत त्यांना खरोखरच काढण्यात आले. उरलेल्या पाच सामन्यांत संघास एकच विजय मिळाला. अर्थात संयमही रामबाण नव्हे, हेदेखील याच उदाहरणाने दाखविले.

पूर्वसंशोधनाचा आढावा :

या प्रश्नाचा शास्त्रीय विचार प्रथम बेसबॉलच्या संदर्भात झाला. समाजशास्त्रज्ञ ऑस्कर ग्रस्की यांनी १९६३ मध्ये सोळा व्यावसायिक संघांच्या अभ्यासावरून असे मांडले की, वारंवार होणारा नेतृत्वबदल व खालावलेली कामगिरी या एकमेकींना पोसणाऱ्या गोष्टी होत. १९६४ मध्ये विल्यम गॅमसन व नॉर्मन स्कॉच यांनी त्यास उत्तर देताना वेगळाच विचार पुढे ठेवला. व्यवस्थापकाचा कामगिरीवरील प्रभाव मुळातच मर्यादित असतो. त्याला काढणे हा चाहत्यांचा रोष शमविण्याचा एक विधी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. मराठीत ज्याला वड्याचे तेल वांग्यावर काढणे म्हणतात, त्याचेच हे संस्थात्मक रूप म्हणता येईल.

युरोपीय फुटबॉलमधील संशोधन यापुढे गेले. डच संघांच्या निकालांवरून ब्रुइन्सहूफ्ड व टेर वील यांनी २००३ मध्ये आणि टेर वील यांनी २०११ मध्ये १९८६ ते २००४ या काळातील सामग्रीच्या आधारे असे दाखविले की, तशाच घसरणीतून जाऊनही प्रशिक्षक न बदललेले संघ बदल करणाऱ्यांपेक्षा मागे राहत नाहीत. ते आपोआपच सावरतात.

महाविद्यालयीन फुटबॉलपुरता महत्त्वाचा अभ्यास अॅडलर, बेरी व डोहर्टी या राज्यशास्त्रज्ञांचा. १९९७ ते २०१० या काळातील सामग्री त्यांनी तपासली. अत्यंत खराब कामगिरीच्या संघांत बदलामुळे विशेष फरक पडला नाही; मध्यम कामगिरीच्या संघांत तर बदल करणारे संघ नंतरच्या वर्षांत बदल न करणाऱ्या तुल्य संघांहून मागे पडले. हा अभ्यास प्रशिक्षक बदलल्यानंतरच्या हंगामांचा आहे, चालू हंगामाच्या उरलेल्या सामन्यांचा नव्हे, हे ध्यानात घ्यावयास हवे. तथापि मूळ प्रश्नावर तो प्रकाश टाकतो.

हंगामी प्रशिक्षकास काय बदलता येते :

हंगामाच्या मध्यावर खेळाडू तेच राहतात, सामन्यांचे वेळापत्रक तेच राहते, आणि व्यूहांचा संग्रहही एका आठवड्यात नव्याने शिकविता येत नाही. मग बदलता येते ते काय? प्रस्तुत प्रकरणांवरून तीन गोष्टी दिसतात. एक, सरावाचा भार, शिस्त व आहारविहार यांसारखे दैनंदिन वातावरण. दोन, संघात कोणास खेळवावे याविषयीचे निर्णय. तीन, आणि बहुधा सर्वांत महत्त्वाचे, आक्रमणाची सूत्रे कोणाच्या हाती द्यावीत हा निर्णय. स्विनी यांनी २००८ मध्ये सूत्रे घेताच आक्रमण-समन्वयकास दूर केले. लुइझियानात २०१६ मध्ये मुख्य प्रशिक्षक लेस माइल्स यांच्याबरोबरच आक्रमण-समन्वयकही गेले आणि पुढच्याच सामन्यात मिसुरीवर ४२-७ असा विजय मिळाला. यूसीएलएने २०२५ मध्ये पेन राज्यास ४२-३७ असे हरविले, त्याआधी काही दिवसच आक्रमणाची जबाबदारी नव्या हाती गेली होती. जेथे असा विशिष्ट अडथळा दूर होतो, तेथे सुधारणेस वाव असतो. जेथे दुखणे खेळाडूंच्या गुणवत्तेत वा संख्येत असते, तेथे मुख्य प्रशिक्षकाच्या जाण्याने काही साधत नाही.

काढलेला प्रशिक्षक अपात्रच होता, असेही इतिहास सांगत नाही. हेल्टन यांनी जॉर्जिया सदर्न विद्यापीठाचा संघ घेऊन सप्टेंबर २०२२ मध्ये नेब्रास्काला तिच्याच मैदानावर ४५-४२ असे हरविले, आणि दुसऱ्या दिवशी नेब्रास्काने आपले प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांना काढले. सार्किसियन यांनी पुढे टेक्सास विद्यापीठास राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या बाद फेरीपर्यंत नेले. विमानतळावर निरोप मिळालेले किफिन यांना नोव्हेंबर २०२५ मध्ये ज्या लुइझियाना राज्य विद्यापीठाने मुख्य प्रशिक्षक म्हणून निवडले, त्याने महिनाभरापूर्वीच ब्रायन केली यांना हंगामाच्या मध्यावर दूर केले होते.

मैदानाबाहेरील कारणे :

संघास फायदा अनिश्चित असूनही असे निर्णय का होतात? एक कारण भरतीच्या दिनदर्शिकेत आहे. २०१७ पासून शालेय खेळाडूंच्या प्रवेशकरारांची एक मुदत डिसेंबरमध्ये येऊ लागली. २०१८ पासून विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची केंद्रीय नोंद सुरू झाली, आणि २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाच्या व प्रतिमेच्या वापरातून उत्पन्न मिळविण्याची मुभा मिळाली. नवा प्रशिक्षक लवकर शोधणे ही त्यामुळे विद्यापीठांना निकड वाटू लागली. म्हणजे सप्टेंबरातील बडतर्फी ही चालू संघासाठी नसतेच. ती पुढील वर्षीच्या संघासाठी असते.

या घाईची किंमत मोठी आहे. नेब्रास्काने फ्रॉस्ट यांना दीड कोटी डॉलर देऊन काढले. १ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे तीन आठवड्यांपेक्षाही कमी काळ, थांबले असते तर ही रक्कम निम्मी झाली असती. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांचा करार मोडताना साडेसात कोटी डॉलरहून अधिक रकमेचे दायित्व पत्करले. शिक्षणसंस्था एखाद्या व्यक्तीस काम न करण्यासाठी एवढी रक्कम देऊ करते, तेव्हा कार्नेगी अहवालाने १९२९ मध्ये दिलेला इशारा आठवल्यावाचून राहत नाही.

दुसरी किंमत खेळाडू मोजतात. ते अठरा ते बावीस-तेवीस वर्षांचे विद्यार्थी असतात. ज्या प्रशिक्षकाच्या शब्दावर त्यांनी विद्यापीठ निवडले, तो एका रात्रीत जातो. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यास 'पुढील वर्षीचा संघ' नसतो. त्याचे उरलेले सामने हेच त्याचे सर्वस्व असते. निर्णयाचा हिशोब मांडताना हा घटक सहसा कोणत्याच स्तंभात धरला जात नाही.

निष्कर्ष :

१) हंगामाच्या मध्यावरील बडतर्फीमुळे चालू हंगामात संघाची कामगिरी निश्चितपणे सुधारते, असा आधार निवडक पंधरा प्रकरणांतून मिळत नाही. दिसणारी अल्प वाढ मुख्यतः दोन अपवादात्मक उदाहरणांमुळे आहे.
२) सुधारणा दिसली तरी तिचा काही भाग सरासरीकडे परतण्याच्या स्वाभाविक प्रवृत्तीचा असतो. संयम राखलेल्या संघांशी तुलना केल्याखेरीज श्रेय ठरविता येत नाही.
३) ज्या ठिकाणी बिघडलेले वातावरण किंवा सदोष आक्रमणयोजना असा ठोस व दूर करता येण्याजोगा अडथळा असतो, तेथे बदलाचा उपयोग होण्याची शक्यता अधिक असते.
४) पंधरापैकी चारच हंगामी प्रशिक्षक थेट कायम झाले. स्विनी व ऑर्जरॉन यांचे राष्ट्रीय विजय हे त्या चौघांतीलही अपवाद होत. ते नियम नव्हेत.
५) बडतर्फीचा खरा हेतू बहुधा भरती, देणगीदार व पुढील नेमणूक यांच्याशी निगडित असतो. तो तसा उघडपणे मांडला जावा, हे संस्थेच्या व विद्यार्थ्यांच्या हिताचे आहे.

समारोप :

क्लेमसनने २००८ मध्ये केलेल्या बदलानंतरचा पहिला सामना स्विनी हरले होते आणि तो हंगाम ७-६ असा सामान्यच ठरला होता. त्या वर्षअखेरीस केवळ निकाल पाहून कोणी मत दिले असते, तर बदलाने विशेष काही साधले नाही असेच म्हटले असते. पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद २०१६ च्या हंगामात आले, आणि मधली आठ वर्षे संस्थेने दाखविलेल्या धीराची होती. ज्या उदाहरणाचा दाखला देऊन आज तातडीच्या हकालपट्टीची मागणी होते, ते उदाहरण प्रत्यक्षात हकालपट्टीच्या गुणाहून तिच्यानंतरच्या संयमाचा गुण अधिक सांगते. महाविद्यालयीन खेळाच्या इतिहासातून घ्यावयाचा बोध हाच होय.